निवृत्तीनंतर पुण्याहून मराठवाड्यात: महिन्याचा खर्च नेमका कसा मोजावा?

मांजरातीर

नमस्कार. येत्या जूनमध्ये मी शाळेतून निवृत्त होत आहे आणि माझे यजमान एका खासगी कंपनीतून गेल्या वर्षीच निवृत्त झाले आहेत. आम्ही दोघेही मूळचे मराठवाड्यातले. माझे माहेर अंबाजोगाईचे आणि सासर औसा तालुक्यातले. चिंचवडचा स्वतःचा फ्लॅट भाड्याने देऊन लातूर किंवा अंबाजोगाईत राहायला जावे, असा विचार घरात बरेच दिवस चालू आहे. मुलगी पुण्यात नोकरी करते, मुलगा बंगळुरूला असतो.

सध्या आमचा महिन्याचा खर्च साधारण ५५ हजार रुपये आहे. त्यात किराणा, भाजी आणि दूध मिळून १४ हजार, सोसायटीचा देखभाल खर्च ४ हजार, वीज, गॅस, फोन आणि इंटरनेट ५ हजार, धुणीभांडी आणि स्वयंपाकाच्या मावशी ८ हजार, औषधे व तपासण्या ६ हजार, आरोग्य विम्याचा हप्ता महिन्यावर विभागून ५ हजार, पेट्रोल आणि येणेजाणे ५ हजार आणि बाकी कपडे, सणवार, किरकोळ असे ८ हजार आहेत. नातेवाईक सांगतात की तिकडे निम्म्यात भागेल. मात्र हे निम्मे कशावरून, असे विचारले की कोणालाच मांडून दाखवता येत नाही. माझ्या निवृत्तिवेतनावर महागाई भत्ता मिळेल. यजमानांची ईपीएस-९५ ची (खासगी नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या योजनेची) पेन्शन अगदी थोडी आहे आणि तिच्यावर महागाई भत्ता नाही. म्हणून अंदाज चुकून चालणार नाही. ज्यांनी असे स्थलांतर केले आहे किंवा जे तिकडेच राहतात, त्यांनी हिशेबाची रीत सांगावी, ही विनंती.

हिशेबनीस

ताई, तुम्ही खर्च बाबवार दिला हे फार चांगले केले, कारण एकूण आकड्याला कोणत्याही टक्केवारीने गुणून उत्तर मिळत नाही. सरकारी सर्वेक्षणातील सरासरीही इथे उपयोगी पडत नाही. २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात देशाचा दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये आला होता. मात्र ती सर्व वयाच्या, सर्व थरांतल्या कुटुंबांची सरासरी आहे. साठी ओलांडलेल्या, औषधे चालू असलेल्या दोन माणसांचे घर त्यात दिसत नाही.

माझ्या मते प्रत्येक बाबीपुढे एकच प्रश्न लिहावा: हा दर कोण ठरवते? औषधाच्या पाकिटावरची किंमत देशभर एकच असते. मोबाइलचे रिचार्ज तेच. विजेचा दरही तोच, कारण चिंचवडला आणि लातूरला दोन्हीकडे महावितरणच वीज देते. सिलिंडर मराठवाड्यात वाहतुकीमुळे उलट थोडा महागच पडतो. पेट्रोलचेही तसेच आहे. परभणीचा दर राज्यात सर्वाधिक असल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. म्हणजे तुमच्या यादीतील वीज-गॅस-फोनचे ५, औषधांचे ६ आणि विम्याचे ५ असे १६ हजार रुपये जिथे जाल तिथे तुमच्याबरोबर येणार आहेत.

कमी होतो तो स्थानिक माणसाच्या श्रमाचा आणि स्थानिक जागेचा दर. घरकामाचे ८ हजार साडेचारपर्यंत उतरतील. किराण्यातील तेल, साखर, चहा, साबण तेच राहतील, पण ज्वारी, तूरडाळ, भाजी आणि दूध यांत फरक पडून १४ चे १२ होतील. अंतरे कमी असल्यामुळे पेट्रोल-रिक्षाचे ५ चे ३ होतील. किरकोळचे ८ मी मुद्दाम तसेच ठेवतो.

आता दोन गोष्टी यादीत घाला. फ्लॅट भाड्याने दिला तरी सोसायटीचा देखभाल खर्च बहुधा मालकालाच भरावा लागतो, म्हणजे ते ४ हजार जात नाहीत. आणि लातूरला राहण्यासाठी घरभाडे द्यावे लागेल. दोन खोल्या, दिवाणखाना, स्वयंपाकघर अशा बऱ्या घराचे १० हजार धरू. बेरीज करा: १६, १२, ४.५, ३, ८, ४ आणि १० मिळून साडेसत्तावन्न हजार होतात. तुमचा खर्च कमी होत नाही, थोडा वाढतोच. फायदा होतो तो चिंचवडच्या भाड्यातून. ते २० हजार आले, असे धरले तर त्यातून वाढलेला खर्च वजा करावा आणि उरेल तेवढेच या स्थलांतराचे आर्थिक फळ समजावे. भाड्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकरात ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, तीही लक्षात ठेवा.

गोदाकाठ

मी नांदेडला राहतो आणि वरील हिशेबाशी पूर्ण सहमत नाही. पुण्यात माणूस जो खर्च नकळत करतो, तो इथे मुळात उद्भवतच नाही. बाहेर जेवण, मॉल, पार्किंग, ॲपवरून मागवलेल्या वस्तू, टॅक्सी या सवयी सहा महिन्यांत सुटतात. इथे संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर फिरून येण्याला पैसे पडत नाहीत. किरकोळचे ८ हजार तसेच धरणे मला अन्यायाचे वाटते. ते निम्मे होतील, असे मी अनुभवाने सांगतो. वर्षाची ज्वारी आणि तूर मोंढ्यातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून सुगीत घेऊन, निवडून, उन्हे देऊन भरून ठेवली, तर धान्याचा खर्चही दोनऐवजी तीन हजारांनी उतरेल.

तेरणाकाठ

या चर्चेत अजून पाण्याचा शब्दही आलेला नाही, म्हणून लिहितो. मी धाराशिव जिल्ह्यात राहतो.

पुण्यात नळ हा सहसा वेगळ्या खर्चाचा विषय नसतो. मराठवाड्यात पाणी ही स्वतंत्र बाब म्हणून मांडावी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, कारण मांजरा धरण कोरडे पडले होते. प्रत्येक वर्ष तसे नसते हे खरे. तरीही चांगल्या पावसाच्या वर्षातही अनेक शहरांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. छत्रपती संभाजीनगरसारखे मोठे शहर जायकवाडीच्या इतके जवळ असूनही वर्षानुवर्षे त्यातून सुटले नव्हते.

हिशेब असा करा. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन माणशी दररोज १३५ लिटरवर होते. दोघांचे २७० लिटर झाले. आठ दिवसांनी पाणी येत असेल तर २,१६० लिटर साठवण हवी आणि ती पाहुणे न धरता. उन्हाळ्यात कूलर लावला की त्यालाच दिवसाला पन्नास-साठ लिटर लागतात. म्हणजे छतावर हजार लिटरची एक टाकी असलेले घर कितीही स्वस्त मिळाले तरी ते महागच आहे. घर बघायला जाल तेव्हा जमिनीखालचा हौद किती मोठा आहे, बोअरला मे महिन्यात पाणी असते का, टँकर गल्लीत वळतो का, हे विचारा. आणि घरमालकापेक्षा शेजारच्यांना विचारा. बोअरचे पाणी जड असते, त्यामुळे पिण्यासाठी वीस लिटरचा जार रोजचा धरावा लागतो. गिझर आणि कूलरच्या जाळ्या क्षार साचून लवकर खराब होतात. हा खर्च लहान दिसतो, पण तो दर वर्षी ठरलेला आहे.

उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. वीजदर एकच असला तरी युनिट वाढतात आणि १०० व ३०० युनिटांच्या टप्प्यांमुळे वरच्या युनिटांना दर जास्त लागतो. पुण्याच्या मे महिन्याच्या बिलावरून इथल्या मे महिन्याचा अंदाज बांधू नये. स्वतःचे घर घेतलेत तर छतावर सौर संच बसवता येईल. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. भाड्याच्या घरात हा मार्ग सहसा नसतो.

बालाघाट

मांजरातीर ताई, मी अंबाजोगाईत राहतो, त्यामुळे तुमच्या माहेरचा माणूस म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्या गावात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, योगेश्वरीचे मंदिर आहे, संगीत आणि साहित्याचे वातावरण आहे, आणि निवृत्त माणसाला बोलायला माणसे आहेत. रोजचा ताप-खोकला, रक्तदाब, साखर यांसाठी गाव सोडावे लागत नाही. परंतु रेल्वेस्थानक गावात नाही. गाडी पकडायला पंचवीस किलोमीटरवर परळीला जावे लागते. हृदयविकार, मेंदूचा आजार किंवा मोठी शस्त्रक्रिया असली की लातूर, आणि तिथे भागले नाही तर सोलापूर, पुणे किंवा हैदराबाद. कर्करोगासाठी आपल्याकडची पुष्कळ माणसे बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात.

याचा खर्च कुठल्याही मासिक यादीत बसत नाही, म्हणून तो सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. माझ्या आईच्या आजारपणात दवाखान्याचे बिल विम्यातून बऱ्याच अंशी निघाले, पण गाडीभाडे, पुण्यात थांबणाऱ्या माणसाची राहण्याची सोय, बाहेरचे जेवण आणि फेरतपासणीच्या खेपा यांचे पैसे कोणीच देत नाही. पुण्यात राहणाऱ्याला फेरतपासणी म्हणजे रिक्षाचे भाडे. आम्हाला ती तीनशे किलोमीटरची खेप असते, आणि आजारी माणूस एस.टी.त बसू शकत नसेल तर गाडी ठरवावी लागते. म्हणून मी असे सुचवतो की हिशेबनीसांच्या यादीत, न बदलणारा आणि कमी होणारा खर्च यांच्या जोडीला, ‘अंतराचा खर्च’ हा तिसरा प्रकार धरावा. आज तुम्ही साठीच्या आहात, तर मुलीकडे जाणेयेणे, लग्नकार्ये, पुण्याच्या फ्लॅटची कामे यांसाठी ४-५ हजार महिना पुरेल. मात्र घरकाम आणि भाजीतली बचत वयाबरोबर वाढत नाही. अंतराचा खर्च मात्र वयाबरोबर वाढतच जातो. पंचाहत्तरीचा हिशेब आजच वेगळ्या कागदावर मांडा.

प्रवासात काही सवलती आहेत. एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ पूर्ण झालेल्यांना अर्धे आणि ७५ वरील ज्येष्ठांना राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे. रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. जुन्या अनुभवावरून ती हिशेबात धरू नये.

मांजरातीर

सर्वांचे मनापासून आभार. चिंचवडच्या भाड्यातून साडेसात हजार वजा होतील (अडीच हजार वाढलेला खर्च आणि पाच हजार अंतराचा खर्च), म्हणजे साडेबारा हजारांच्या आसपास महिन्याला हाती राहतील आणि त्यातून पाणी व उन्हाळ्याची वाढ जाईल, असे मी मांडले आहे. निम्म्याची भाषा आता घरात कोणी करत नाही.

दोन प्रश्न आहेत. सासरी औसा तालुक्यात आमच्या वाट्याचा जुना माळवदाचा वाडा आहे. तो दुरुस्त करून राहिलो तर भाड्याचे दहा हजार वाचतील का? आणि आरोग्य विमा पुण्याच्या पत्त्यावर आहे. तो बदलल्याने हप्ता कमी होतो, असे ऐकले ते खरे आहे का?

सातबारा

वाड्याबद्दल आधी सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सर्वाधिक जीवितहानी झाली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे चढत गेलेला मातीचा थर, अशा माळवदाच्या घरांत. औसा हा त्याच पट्ट्यातला तालुका आहे. त्यामुळे रंगरंगोटी आणि संडास-न्हाणीघर बांधून राहायला जाणे हा विचार करू नका. संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्या, माळवदाचे ओझे उतरवून हलके छत करायचे का, भिंती एकमेकींना बांधून घ्यायच्या का, याचा लेखी अंदाज घ्या. तो आकडा बहुतेक वेळा काही वर्षांच्या घरभाड्याएवढा निघतो. शिवाय ‘आमच्या वाट्याचा’ हे शब्द कागदावर उतरले आहेत का, हे पाहा. वाटणीपत्र नोंदवलेले नसेल तर स्वतःचे पैसे घातलेल्या भिंतीवर उद्या चुलत भावांचाही हक्क सांगितला जाऊ शकतो.

प्लॉट घेऊन बांधण्याचा विचार असेल तर मराठवाड्यात एक गोष्ट काटेकोरपणे पाहावी लागते. निजामाच्या काळातील इनाम, खिदमतमाश (सेवेच्या मोबदल्यात दिलेल्या) आणि देवस्थानच्या जमिनी शहरांच्या भोवती मोठ्या प्रमाणात आहेत आणि अशा जमिनींवर प्लॉट पाडून विकले गेल्याची प्रकरणे न्यायालयांत पडून आहेत. स्वस्त प्लॉट दिसला की सातबाऱ्यावरील भोगवटादार वर्ग (जमीन परवानगीशिवाय विकता येते की नाही, हे त्यावरून कळते), जुने फेरफार आणि खासरा पाहणी पत्रक ही जुनी जमीननोंद वकिलाकडून तपासून घ्यावे. ही वकिलाची फी खर्चाच्या यादीत पहिली लिहावी. घर घेतलेतच तर ते तुमच्या नावावर घ्यावे, कारण महिला खरेदीदाराला घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

लातूरच्या भाड्याविषयीही एक गोष्ट. नीट आणि जेईईच्या शिकवण्यांमुळे ट्यूशन एरियाच्या आजूबाजूला भाडी विद्यार्थ्यांच्या हिशेबाने, म्हणजे खाटेवर ठरतात. तिथला दर ऐकून लातूर महाग आहे असे समजू नका आणि तिथे घरही घेऊ नका. रात्री उशिरापर्यंतची वर्दळ साठीनंतर मानवत नाही.

हिशेबनीस

विम्याचे उत्तर असे. अनेक पॉलिसींत शहरांचे गट पाडलेले असतात आणि लहान शहराच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, हे खरे. परंतु त्याच पॉलिसीत पुढे लिहिलेले असते की वरच्या गटातील शहरात उपचार घेतले तर बिलाचा काही टक्के भाग स्वतः भरावा लागेल. बालाघाट यांनी सांगितल्याप्रमाणे मोठा आजार तुम्हाला पुण्यालाच नेणार असेल, तर हप्त्यात वाचलेले दोन-तीन हजार एका बिलात जातील. पत्ता बदलण्यापूर्वी हे कलम वाचा आणि शक्य असेल तर वरच्या गटाचा हप्ता भरत राहा.

हप्त्याच्या वाढीचाही अंदाज धरायला हवा. विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये असे ठरवले आहे की साठीवरील व्यक्तींचा हप्ता कंपनीला विचारविनिमयाशिवाय एका वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येणार नाही. तरीही १० टक्क्यांनी वाढत गेलेला हप्ता साधारण सात वर्षांत दुप्पट होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर शून्य झाला, हा दिलासा आहे. तुमच्या दोघांपैकी जे सत्तर पूर्ण करतील त्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे. त्यात उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि खासगी विमा असला तरी ते घेता येते. लातूर आणि अंबाजोगाईतील कोणती रुग्णालये त्या यादीत आहेत, ते जाण्याआधीच पाहून ठेवा.

यजमानांच्या हाती आलेल्या रकमेपैकी काही भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घातला असेल, तर एकाला ३० लाखांपर्यंत मर्यादा आहे आणि व्याज तिमाहीला मिळते. ते व्याज पाच वर्षे तेवढेच राहते, खर्च राहत नाही. ६ टक्के महागाईने आजचे ५७ हजार बारा वर्षांनी साधारण १ लाख १५ हजार होतात. तुमच्या घरात महागाईबरोबर वाढणारे उत्पन्न एकट्या तुमच्या निवृत्तिवेतनाचे आहे, म्हणून तुमच्या पश्चात यजमानांना त्याचे कुटुंब निवृत्तिवेतन किती मिळेल, तोही आकडा काढून ठेवा.

वेशीपाशी

गोदाकाठ यांना वाटते तसे किरकोळचे ८ हजार निम्मे होणार नाहीत, असे मला ठामपणे वाटते. पुण्यात असताना गावाकडच्या लग्नाला दोनदा बोलावले तर एकदा जाणे चालते. गावाजवळ राहायला आलात की साखरपुडा, हळद, लग्न, बारसे, जावळ, वास्तुशांत, दहावा-तेरावा या प्रत्येकाला हजेरी लागते आणि आहेर लागतो. सप्त्याची आणि जत्रेची वर्गणी येते. पेन्शनर बाई आणि शिक्षिका म्हणून अपेक्षा थोडी अधिकच असते. तालुक्याच्या दवाखान्यात कोणी नात्यातले दाखल झाले की डबा तुमच्या घरून जातो, आणि शिकायला आलेला भाचा तुमच्याकडेच उतरतो. हा खर्च टाळावा असे मी म्हणत नाही, कारण याच माणसांसाठी आपण परत येतो आणि रात्री-अपरात्री हीच माणसे धावून येतात. पण त्याला ‘आहेर आणि पाहुणे’ असे नाव देऊन वर्षाची रक्कम ठरवावी. लग्नसराईत एका महिन्यात तो पंधरा हजारांवर जातो आणि चातुर्मासात जवळजवळ काहीच नसतो, म्हणून हिशेब वर्षाचाच करावा.

गोदाकाठ

हे मान्य करतो. आहेराचा खर्च मी वेगळा धरत असल्यामुळे किरकोळमध्ये तो आला नव्हता. दोन्ही एकत्र केले तर ८ हजार बरोबरच आहेत.

मांजरातीर

वाड्याची तपासणी करून घेईपर्यंत त्यात पैसे घालायचे नाहीत आणि प्लॉट बघायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. आधी वर्षभर भाड्याने राहून खरा खर्च लिहून काढावा, असा विचार आहे. लातूर आणि अंबाजोगाई यांत यजमानांचा कल रेल्वेमुळे आणि दवाखान्यांमुळे लातूरकडे आहे. माझे मन अजून अंबाजोगाईत आहे. भाड्याचे घर कोणत्या महिन्यापासून घ्यावे?

तेरणाकाठ

निवृत्त झाल्या झाल्या जूनमध्ये येऊ नका. त्या वेळी लातूरला प्रवेशांची गर्दी असते आणि भाडी चढलेली असतात. दिवाळीनंतर या. नोव्हेंबरपासून अकरा महिन्यांचा करार केला तर लग्नसराई, सुगी, संपूर्ण उन्हाळा आणि पावसाळ्याचा बहुतेक भाग त्यात येतो, आणि मे महिन्यातले पाणी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहाल. करार नोंदणीकृतच करा आणि त्यात टँकरचे पैसे घरमालकाने द्यायचे की भाडेकरूने, हे स्पष्ट लिहून घ्या. त्या अकरा महिन्यांत चिंचवडचा फ्लॅटही तेवढ्याच मुदतीने द्या, म्हणजे परत जावेसे वाटले तर दार बंद होणार नाही. अंबाजोगाई लातूरपासून साठेक किलोमीटरवर आहे. दर महिन्यात आठवडाभर तिथे माहेरी राहून तिथलाही खर्च वहीच्या दुसऱ्या बाजूला लिहिता येईल.